रिमॅप केलेली टर्बो पेट्रोल घाटात ढिली पडतीय? पेट्रोलला शिव्या द्यायच्या आधी हे तपासा

हा प्रॉब्लेम आता इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सगळं लिहून टाकतो. गाडी टर्बो पेट्रोल, स्टेज १ रिमॅप केलेली (म्हणजे पार्ट न बदलता फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरचं, ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली), टाकीत महागातलं ९५ ऑक्टेनवालं पेट्रोल, आणि तक्रार सगळ्यांची एकच. पहिले दोन-तीन पुल (पाय पूर्ण दाबून गाडी खेचायची ती खेप) एकदम झकास, गाडी अशी सुटते की शेजारी बसलेला हँडल धरतो, आणि नंतर मागनं कुणीतरी दोर बांधल्यासारखी ढिली. चेक इंजिन लाईट नाही, धूर नाही, वेगळा आवाज नाही. ट्यूनर (रिमॅप करून देणारा) म्हणतो पेट्रोल खराब, पंपवाला म्हणतो गाडी खराब, सर्व्हिस सेंटरवाले रिमॅप म्हणलं की हातच लावत नाहीत. रात्रभर उभी ठेवली की सकाळी परत बरी, परत कोल्हापूरहून गगनबावड्याच्या रस्त्याला लागली की परत तेच.

अशा केसमध्ये बहुतेक वेळा काही तुटलेलं नसतंय. ईसीयू मुद्दाम ताकद काढून घेत असतो, आणि तो का काढून घेतोय हे बघायचं सोडून लोक पेट्रोलच बदलत बसतात, ९१ वरनं ९५, ९५ वरनं ९७, मग बाटलीतला बूस्टर, मग पुण्याला कुणी गेलं की कॅनमधनं १०० आणायला सांगायचं (हे तर करूच नका, डिकीत पेट्रोलचा कॅन घेऊन उन्हाळ्यात हायवेनं यायचं म्हणजे काय खेळ आहे का).

थोडक्यात आत काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सिलेंडरमध्ये स्पार्क पडला की ज्वाला पसरत जाते आणि पुढं उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ज्वाला तिथं पोचायच्या आधीच ते आपोआप पेटलं की नॉकिंग. टर्बो गाडीत हवा आधीच दाबून गरम होऊन आत आलेली असते त्यामुळं हे लवकर होतं. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बोल्टनं कसलेला असतो, त्याला ती थरथर कळते आणि ईसीयू स्पार्क काही डिग्री उशिरा पाडायला लागतो. तुमच्या कानाला काही ऐकू यायच्या कितीतरी आधी हे झालेलं असतं. स्पार्क उशिरा म्हणजे टॉर्क कमी, आणि वर एक्झॉस्ट जास्त गरम, तेवढ्यानं भागलं नाही तर ईसीयू बूस्टसुद्धा (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) खाली आणतो. सीटवर बसून जे ढिलं वाटतं ते हेच.

आणि ऑक्टेन म्हणजे पेट्रोल त्या आपोआप पेटण्याला किती टिकाव धरतं त्याचं माप, बाकी काही नाही. आयसो-ऑक्टेनला १००, एन-हेप्टेनला ०, आणि आपलं पेट्रोल टेस्ट इंजिनात या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं तो आकडा म्हणजे रॉन. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद भरलेली नसते. इथेनॉलचंच बघा, त्याचा रॉन १०८ च्या आसपास आणि एका लिटरमधली ऊर्जा मात्र पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी. कंपनीनं ९१ वर ट्यून केलेल्या साध्या गाडीत १०० ओतलं तर पंपवाल्याचा फायदा, तुमचा फारसा नाही. फायदा तेव्हा, जेव्हा ट्यूनर त्या जादा टिकावाच्या जोरावर बूस्ट वाढवतो आणि स्पार्क लवकर पाडतो. म्हणजे फाईल (ते रिमॅपचं सॉफ्टवेअर) आणि पेट्रोल ही जोडी जुळली पाहिजे, आणि आपल्याकडं नेमकी तिथंच माती होते.

आता एक केस सांगतो म्हणजे कळेल. आमच्या पाहुण्यांची गाडी, एक लिटरची तीन सिलेंडर, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये मारणारी), मॅन्युअल. फाईल बाहेरगावच्या एका ट्यूनरकडनं मेलवर आलेली, फ्लॅश इथंच केली, म्हणजे ईसीयूत इथंच भरली. कळे, साळवण करत वर जाताना पहिल्या चढाला गाडी अक्षरशः ओढून न्यायची, आणि असळज ओलांडून पुढच्या चढणीला लागली की स्टॉकपेक्षा (कंपनीच्या मूळ ट्यूनिंगपेक्षा) पण मंद. पाहुण्यांचं म्हणणं पंपावर भेसळ. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पंपांवर भरून बघितलं, तेच. मी म्हणलं आधी फाईलवर काय लिहिलंय ते दाखवा. तर फाईलच्या नावातच ९३ ऑक्टेन. पाहुणे म्हणाले मग बरोबरच आहे की, आपण ९५ टाकतोय, दोन जास्तच झाले.

भावांनो, हाच सगळ्यात मोठा घोळ आहे आणि याच्यावर कुणी बोलत नाही. अमेरिकेतल्या पंपावर जो आकडा असतो तो रॉन नसतो. तिथं रॉन आणि मॉन अशा दोन मापांची सरासरी लिहितात. मॉनची टेस्ट जास्त कडक असते त्यामुळं तो आकडा खाली येतो आणि सरासरी पण खाली येते. म्हणजे तिकडचं ९१ हे आपल्या मापात साधारण ९५-९६, आणि तिकडचं ९३ हे आपल्या मापात ९८ च्या जवळ. बाहेरनं विकत घेतलेल्या कितीतरी बेस फाईल तिकडच्या आकड्यांवर बनलेल्या असतात आणि आपला माणूस फक्त नाव बघून फ्लॅश मारतो. पाहुण्यांची गाडी ९८ मागत होती आणि तिला ९५ मिळत होतं. थंड असताना ते तीन आकडे खपून जायचे, इंजिन आणि इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा) तापले की खपायचे नाहीत. तिकडचे व्हिडिओ बघून '९१ वर पण चालतंय' म्हणणाऱ्यांनी तर हा पॅरा परत वाचा, कारण आपलं जुनं साधं पेट्रोल ९१ रॉन होतं, त्यांच्या ९१ च्या बरंच खाली.

आता पंपावर काय मिळतं ते. बोर्डवर 'प्रीमियम' लिहिलंय म्हणजे ऑक्टेन जास्त असं नाही, काही ठिकाणी फक्त इंजिन साफ ठेवणारं ॲडिटिव्ह असतं. आकडा बघा. इंडियन ऑइलचं एक्सपी९५, हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर ९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७, ही नावातच आकडा असलेली आहेत. नुसतं स्पीड आणि स्पीड ९७ यात फरक आहे हे पंपावरच्या पोराला पण सांगावं लागतं कधी कधी. एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा १० शहरांत आलं, त्यात मुंबई आणि पुणं होतं, कोल्हापूर नव्हतं. त्यामुळं ज्यानं १०० वर ट्यून करून घेतलं त्यानं आंबा घाटात, मलकापूरला टाकी खाली झाली तर काय करायचं याचं उत्तर आधी शोधावं. माझं मत सरळ आहे, रोज जे मिळतं त्याच्यावर ट्यून करा, आणि ट्यूनरला ९५ रॉन असं लिहून द्या, नुसतं ९५ नाही.

काहीजण विचारतात की ई२० आल्यापासनं साधंच पेट्रोल ९५ झालंय म्हणे, मग महागाचं कशाला? खरं आहे, पेट्रोलियम मंत्रालयानं २०२५ मध्ये तसं सांगितलं होतं की बीएस-६ चं ९१ हे २० टक्के इथेनॉलमुळं ९५ पर्यंत गेलंय. स्टॉक गाडीला चांगलंच आहे. शिवाय इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता ओढून घेतं, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये त्याचा गारवा सिलेंडरच्या आतच मिळतो. पण ट्यून केलेल्या गाडीत त्याची दुसरी बाजू आहे. पेट्रोलला एक किलोमागं १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९, म्हणून ई२० ला साधारण साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त मारावं लागतं. फाईल जुन्या पेट्रोलवर अगदी गाडीतल्या इंधन पंपाच्या क्षमतेच्या काठापर्यंत ओढलेली असली तर ई२० वर वरच्या आरपीएमला रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा पेट्रोलचा दाब) खाली यायला लागतं. हा प्रॉब्लेम पण सीटवर 'ढिली पडली' असाच वाटतो, पण पेट्रोलच्या ऑक्टेनशी त्याचा काही संबंध नाही. फरक कसा ओळखायचा? लॉग, म्हणजे गाडी पळताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद.

लॉग काढल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. ब्लूटूथवालं ओबीडी डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये बसणारं) आणि मोबाईलवर ॲप एवढ्यात भागतं, फक्त स्वस्त डोंगल हळू असतंय, त्यामुळं २० गोष्टी निवडून बसू नका. आरपीएम, इग्निशन टाइमिंग (स्पार्क किती डिग्री लवकर पडतो ते), मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), इनटेक हवेचं तापमान, आणि गाडी देत असेल तर रेल प्रेशर. सिलेंडरप्रमाणे किती डिग्री काढून घेतली हा आकडा कंपनीच्या स्वतःच्या पॅरामीटरमध्ये असतो, तो जमला तर सोनं. पुल दुसऱ्या गिअरमध्ये, चढाला, दोन हजार आरपीएमपासनं पाय पूर्ण दाबून. तिसऱ्या-चौथ्यात लाल रेषेपर्यंत न्यायचं म्हणजे वेग कायद्याच्या बाहेर जातो आणि हायवेवर असले धंदे करायचे नसतात, चढाला दुसऱ्यात पण लोड पुरेसा येतो. मोबाईल शेजाऱ्याच्या हातात. आणि एकच पुल नको, सलग चार, मधे थंड होऊ न देता, कारण आपला प्रॉब्लेमच तापल्यावरचा आहे.

पुल मारायच्या आधी इग्निशन ऑन, इंजिन बंद अशा अवस्थेत मॅनिफोल्ड प्रेशर बघून ठेवा. कोल्हापूर समुद्रापासनं साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर, त्यामुळं आकडा ९५ किलोपास्कलच्या जवळ पाहिजे. मुंबईत १०१ दिसतो. इथं ८८ किंवा १०३ दिसला तर सेन्सरच खोटं बोलतोय, पुढचा सगळा लॉग फुकट.

आता वाचायचं कसं. तिन्ही-चारही सिलेंडरमधनं टाइमिंग एकत्र कमी होतंय आणि दर पुलागणिक जास्त कमी होतंय, सोबत इनटेक तापमान चढतंय, तर फाईल पेट्रोलला भारी पडतीय किंवा हवा गार होत नाहीय. अधनंमधनं दोन-तीन डिग्री गेली तर घाबरायचं नाही, ईसीयू काठावर चाचपत असतोच. पाच-सहाच्या पुढं आणि रोजच, मग विषय आहे. एकाच सिलेंडरमधनं जातंय तर पेट्रोलचा दोष नाही, पेट्रोल सगळ्यांना सारखंच मिळतंय, तिथं प्लग, इंजेक्टर नाहीतर कार्बन बघा. आणि लोड कितीही असो, बरोब्बर एकाच आरपीएमला टाइमिंग पडतंय तर ते खोटं नॉक असू शकतं, एखादी सैल हीट शील्ड, ब्रॅकेट, किंवा हौसेनं घातलेले इंजिनचे कडक पॉली माउंट, त्यांची थरथर सेन्सरला नॉक वाटते. नॉक सेन्सरचा बोल्ट पण टॉर्क पानानंच कसायचा, बऱ्याच इंजिनांना २० न्यूटन मीटर असतो, मिस्त्रीनं अंगातला सगळा जोर लावून आवळला की सेन्सर येडा होतो.

टाइमिंग जागेवर आहे पण बूस्ट मागितलं तेवढं मिळत नाही, तर गळती. टाइमिंग पण ठीक, बूस्ट पण ठीक, आरपीएम वाढतंय आणि स्पीड वाढत नाही, तर भावा क्लच गेलाय, ट्यूनरला फोन करू नको.

पाहुण्यांच्या लॉगमध्ये गंमत अशी निघाली की दोन गोष्टी एकावर एक होत्या. टाइमिंग तिन्ही सिलेंडरमधनं जात होतं, ते फाईलमुळं अपेक्षितच, पण बूस्टचा आकडा बरोबर येत असूनही वेस्टगेट (टर्बोला गरजेपेक्षा जास्त पळू न देणारी एक्झॉस्टची झडप) जवळपास पूर्ण बंद धरून ठेवलेला दिसत होता. म्हणजे टर्बोला तेवढं बूस्ट काढायला जास्त पळावं लागत होतं, हवा कुठंतरी सुटत होती. आणि टर्बो जास्त पळाला की हवा जास्त गरम, हवा जास्त गरम की नॉक जास्त. गळतीनं बूस्ट कमी दिसेलच असं नाही, आधी ती तापमानात दिसते. हे डोक्यात ठेवा.

गळती शोधायची कशी ते नीट सांगतो, कारण याला आपल्या गावासारखी सोय दुसरीकडं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाऊन लेथवाल्याकडनं ॲल्युमिनियमचं एक बूच टर्न करून घ्या, एअर फिल्टरनंतरच्या, टर्बोच्या तोंडाच्या होजमध्ये घट्ट बसेल अशा मापाचं, कडेला एक खाच म्हणजे क्लॅम्प सरकत नाही, आणि मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. झालं टेस्टर. इंजिन थंड आणि बंद, बूच लावायचं, कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून हळूहळू हवा सोडायची, १० पीएसआयच्या पुढं जायची गरज नाही. साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत घेऊन एकेक जॉइंटवर मारत जा, इंटरकूलरच्या दोन्ही टोकांना, थ्रॉटल बॉडीच्या होजला, डायव्हर्टर व्हॉल्व्हला. फुगे येतील तिथं आजार. जिथं होजच्या तोंडाला ऑइलचा काळा ओशट पट्टा दिसतोय तिथनंच सुरू करा, हवा तिथनंच बाहेर पडत असते. एक सांभाळायचं, ब्रीदरच्या (क्रँककेसची वाफ इनटेककडं नेणाऱ्या नळीच्या) वाटेनं ही हवा क्रँककेसमध्ये जाते आणि ऑइल सील बाहेर ढकलू शकते, म्हणून ब्रीदरची नळी आधी बंद करा आणि ऑइलचं झाकण सैल ठेवा. एखाद्या सिलेंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिले असतील तर सायलेन्सरमधनं पण थोडी फुसफुस ऐकू येते, तिला गळती समजून घाबरू नका.

पाहुण्यांच्या गाडीत थ्रॉटलजवळच्या होजचा क्लॅम्प तिरका बसलेला. वरनं हात फिरवला तर एकदम ओके, साबण मारल्यावर खालच्या बाजूनं फेसच फेस. क्लॅम्प बदलला, होज पुसून कोरडा करून परत बसवला, वेस्टगेट लगेच माणसात आला. पण टाइमिंग अजून जातच होतं, कारण फाईल तीच होती. म्हणून सांगतोय, एक कारण सापडलं की लगेच पार्टी करू नका.

गरमीचं बघा. एप्रिल-मेमध्ये जी गाडी रडते तीच जुलैत मस्त पळते असं असेल तर त्यात काही गूढ नाही, हवा गार आणि दमट असली की नॉक कमीच होतं. पण मग उन्हाळ्याचं काय? हवेवर चालणारा इंटरकूलर असेल तर पुढचा बंपर काढून त्याच्या जाळ्या बघा. गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांमागनं चार महिने गाडी चालली की पाचट, धूळ, किडे सगळं तिथं गच्च बसलेलं असतं. पाण्याचं प्रेशर लांबनं, सरळ समोरनं, तिरकं मारलं तर पाती वाकतात. काही गाड्यांत इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो, त्याला वेगळा छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. तो पंप मेला किंवा त्या लाईनमध्ये हवा अडकली की पहिला पुल चांगला आणि नंतर नुसता उकाडा, आणि डॅशबोर्डवर इंजिनचं टेंपरेचर मात्र अगदी बरोबर. हाताने तपासता येतं, इग्निशन बंद केल्यावर काही गाड्यांत तो पंप थोडा वेळ गुणगुणतो, बोट ठेवून बघायचं.

प्लग. रिमॅप केलेल्या गाडीत स्टॉक गॅप कधी कधी जास्त पडते, बूस्टखाली ठिणगी विझते, पण ते वेगळं जाणवतं, गाडी ढिली पडत नाही तर उचक्या देते. गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या मधे आणली की बऱ्याचदा थांबतं. जास्त बूस्टला एक पायरी थंड प्लग घालतात, आणि इथं दुकानदार पण चुकतात, एनजीकेमध्ये आकडा मोठा तेवढा प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. काढलेला प्लग फेकू नका, उन्हात धरून भिंगानं पांढऱ्या चिनी मातीवर बघा. मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर गाडी खरोखर नॉक करतीय आणि पिस्टनचा माल उडतोय, त्या दिवसापासनं स्टॉक फाईल टाकून चालवायची, चर्चा नंतर.

प्लग तांबूस-केशरी झालेला दिसला तर मालक बाटलीतला बूस्टर टाकतोय हे न विचारता कळतं. बऱ्याच बूस्टरमध्ये मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात, त्याचाच तो रंग, आणि तो थर साचला की प्लगच चुकायला लागतो. बाटलीवर '३० पॉइंट वाढ' लिहिलेलं असतं ते ३० ऑक्टेन नव्हे, त्यांचा एक पॉइंट बहुतेक वेळा ०.१ चा असतो, म्हणजे ९१ चं ९४, ते पण सगळं बरोबर गेलं तर. जुन्या मंडळींचा डांबर गोळ्यांचा उपाय तर कृपा करून विसरा, नॅफ्थलीन थंडीत परत खडे होऊन बसतं आणि आजच्या इंजेक्टरची भोकं किती बारीक असतात माहिती आहे. थिनर पण नको, दुकानातलं थिनर म्हणजे नुसतं टोल्युइन नसतं, काय काय मिसळलेलं असतंय, रबराच्या नळ्या फुगतात. आणि साखर कारखान्यात ओळख आहे, स्पिरिट मिळेल का, असं विचारणारे आपल्या जिल्ह्यात असणारच! रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पेट्रोलमध्ये गेलं की ते पाणी इथेनॉल घेऊन खाली बसतं आणि पंप सगळ्यात आधी तेच ओढतो, शिवाय एक्साइजचं लफडं वेगळं.

वरचं ऑक्टेन खरंच लागणार असेल तर सरळ हिशोब, अर्धी टाकी ९५ मध्ये अर्धी टाकी १०० म्हणजे साडेसत्त्याण्णवच्या आसपास. पुण्यात १०० भरून आलात आणि इथं वर अर्धी टाकी ९५ भरलंत की तुम्ही साडेसत्त्याण्णववर आला. दुसरं म्हणजे बऱ्याच ईसीयूंना नॉकची आठवण राहते, चांगलं पेट्रोल टाकल्या टाकल्या पहिल्याच चढाला निकाल लावू नका, थोडं चालवा, मग लॉग काढा.

एक गोष्ट मात्र ऑक्टेनच्या पलीकडची आहे आणि आपल्या रस्त्यांवर ती जास्त होते. ऊसाच्या ट्रॉलीमागं अडकलाय, गाडी चौथ्या-पाचव्यात, आरपीएम दीड हजार, पुढं मोकळं दिसलं की गिअर न बदलता पाय पूर्ण खाली. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला हे सगळ्यात वाईट, स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, याला एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात. नॉक सेन्सरला कळेपर्यंत उशीर झालेला असतो आणि एकाच दणक्यात पिस्टनच्या रिंगमधली जागा फुटू शकते. रिमॅपनं खालचा टॉर्क वाढवलेला असला तर धोका अजून जास्त. ९५ चं ९७ करून हे थांबत नाही. ऑइलचा संबंध जास्त आहे, ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळं हे वाढतं असं सापडल्यावर २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी ग्रेड आलं. डब्यावर एसपी बघून घ्या, आणि एक गिअर खाली टाका. ट्यूनरला पण सांगा की दोन हजारच्या खाली टॉर्क ओतू नको, डायनोच्या (ताकद मोजायच्या मशीनच्या) कागदावर तेवढा भाग थोडा कमी दिसला तर दिसू दे.

डायनोच्या कागदावरनं आठवलं. आपल्याकडं हॉर्सपॉवरच्या आकड्याचा नाद फार, ज्या गावातनं ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक हे रेसर ट्रॅकवर पोचले तिथं तो असणारच म्हणा. पण हिशोब करून बघा. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले ७०२३, आले पीएस. ४५०० ला २१० न्यूटन मीटर म्हणजे साधारण १३५ पीएस, कागदावर मस्त. घाटात चौथ्या पुलाला टाइमिंग जाऊन टॉर्क १७५ वर आला की त्याच आरपीएमला ११२. पाहुण्यांच्या गाडीचं हेच चाललं होतं. ट्यूनरला लॉग पाठवून, ९५ रॉन आणि इनटेक तापमान लिहून, बूस्ट थोडं खाली आणि वरचं टाइमिंग दोन-तीन डिग्री मागं घेतलेली फाईल मागवली. पहिला पुल आधीच्या इतका भारी नाही राहिला, पाहुण्यांनी तोंड जरा वाकडं केलंच. पण गगनबावड्याच्या चढणीला सगळ्यात वर पोचेपर्यंत चौथा-पाचवा पुल पण पहिल्यासारखाच निघतोय आणि टाइमिंगचा लॉग आता जवळपास सपाट आहे.

कागदपत्रांचं पण एक. गाडीत बदल केलाय हे इन्शुरन्सवाल्यांना कळवलेलं नसेल तर क्लेमच्या वेळी ते हात वर करू शकतात, वॉरंटीचं तर फ्लॅश मारल्या दिवशीच गेलं समजा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, एकदा वाचून ठेवा.

आता कुणाला अजून शंका असेल तर 'गाडी ढिली पडतीय' एवढंच लिहू नका, त्याच्यावरनं ब्रह्मदेवाला पण काही सांगता येणार नाही. गाडी आणि इंजिन, फाईल कुठल्या ऑक्टेनची आणि ते रॉन का अमेरिकन माप, शेवटच्या दोन टाक्यांत काय भरलं, प्लग कुठला आणि गॅप किती, ऑइलचा ग्रेड, आणि सलग चार पुलांचा लॉग, स्क्रीनशॉट नको, फाईलच द्या. पाहुण्यांच्या गाडीत अजून एक राहिलंय, सकाळी थंड स्टार्टला अर्धा मिनिट तिसरा सिलेंडर चुकतोय. मला इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनचा संशय आहे, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हवरनं जात नाही त्यामुळं तो धुतला जात नाही. या रविवारी मॅनिफोल्ड काढून कॅमेरा घालणार आहे, आधी कुणी याच गाडीत कार्बन काढायला अक्रोडाच्या कवचाचं ब्लास्टिंग करून घेतलं असेल तर गास्केट नवीन लागतं का तेच वापरता येतं तेवढं सांगा.